अक्का, नेट चालूच होतं

अक्का,

आज दहावा दिवस. इस्लामपूरच्या घरात, पुढच्या खोलीत, तुझ्या खुर्चीशेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून लिहितेय. खुर्चीत बसवत नाही. मला अजून रडू फुटलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघतात, मग एकमेकींकडे बघतात. बारा वर्षांनी धाकटी बहीण, अक्कानंच वाढवलेली, आणि डोळ्यांत टिपूस नाही. त्यांना वाटत असेल, साताऱ्याला जाऊन, नोकरी लागून ही कोरडी झाली. त्यांना कसं सांगू की मी अजून इथपर्यंत पोचलेलीच नाही? मी अजून त्या रविवारच्या सकाळीच आहे, साताऱ्याच्या माझ्या घरात, हातात फोन धरून.

त्या सकाळबद्दल मी सगळ्यांना एक सांगितलंय, आणि ते खरं नाही. तुला खरं सांगणार आहे. पण एकदम तिथं जाता येत नाही मला. जरा मागून येते.

तू सासरहून कायमची परत आलीस तेव्हा मी आठवीत होते. तुझ्याबरोबर एक ट्रंक होती आणि तू कुणाशी बोलत नव्हतीस. जैन बस्तीत दर्शनाला जायचं तरी मागच्या गल्लीतून जायचीस. मग एके दिवशी अण्णांना म्हणालीस, सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स करते. आपले अण्णा मुळातच कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "किती दिवसांचा?" एवढंच. वर्षभर तू सकाळच्या एसटीनं सांगलीला जात होतीस, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपल्या दारात टेम्पो थांबला. अण्णांनी या खोलीतली खताची पोती स्वतः उचलून मागच्या पत्र्याखाली नेली. दोन दिवस फरशी धुतली तरी युरियाचा वास जाईना. त्या वासातच तुझा पहिला कॉम्प्युटर बसला.

आईनं त्याला जुन्या पडद्याच्या कापडाचं झाकण शिवलं, खाली झालर लावून. चपला बाहेर, हात धुवून आत. गल्लीतल्या बायका उंबऱ्याशी उभ्या राहून बघायच्या, आत यायला भ्यायच्या. अण्णा एकदा बराच वेळ त्या बंद स्क्रीनकडं बघत बसले आणि म्हणाले, "ह्याच्यात नेमकं असतंय काय?" तू म्हणालीस, "आपण घालू ते, अण्णा. आपण काय घातलंच न्हाई तर काय नसतंय." अण्णांना ते फार पटलं. पुढं वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेच सांगायचे, स्वतःला सुचल्यासारखं.

इंटरनेट आलं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. फोनची वायर त्या मोडेमच्या डबीत घातली की ती आधी टुकटुक करायची, मग किंचाळायची, मग खरखरत बसायची. पहिल्यांदा आई स्वयंपाकघरातून पळत आली, "काय जळालं गं?" म्हणत. डबीवर छप्पन्नचा आकडा लिहिलेला होता, मिळायचा त्याच्या निम्मा वेग. एक फोटो वरून खाली उतरायचा, आधी कपाळ, मग डोळे, हनुवटी येईपर्यंत आपला चहा पिऊन व्हायचा. पोरं वैतागून माउस आपटायची. तू त्यांच्या हातावर हात ठेवायचीस. "थांब. हात काढ. ते काम करतंय, तुला दिसत न्हाई एवढंच."

आणि नेट लावलं की घरचा फोन बंद. रहिमतपूरच्या मामाला नात झाली तेव्हा तो दोन दिवस फोन लावत होता. शेवटी पेढ्याचा पुडा घेऊन एसटीनं आला आणि दारातूनच सुरू झाला, "सारखा एंगेज! तुमी घरात एवढं बोलताय तरी कुणाशी?" आईनं या खोलीकडं बोट दाखवलं. "ती बोलतीय."

"कुणाशी?"

"काय की. अमेरिकेशी असंल."

मामा पुडा हातात धरून तसाच उभा. तू बाहेर आलीस, त्याच्या पाया पडलीस, पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "मामा, दोन मिनिटं, एक पान उघडायलंय, ते बघून येते." तो जो रुसला तो त्या नातीच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत रुसला. तू सासरहून आल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं, अक्का. त्या दिवशी आई भिंतीला टेकून हसत होती.

मग बारावीचा निकाल. माझा. तोपर्यंत तू तीन कॉम्प्युटर घेतले होतेस आणि निकालाच्या दिवशी आपलं अंगण पोरांनी आणि त्यांच्या बापांनी भरून जायचं. सगळं राज्य एकाच वेळी ते एक पान उघडायला बघायचं. तू नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन एकेकाचा निकाल वाचून दाखवत होतीस. माझा नंबर आला तेव्हा अण्णा दारात येऊन उभे राहिले. माझी मोठी म्हणते धाकटी इंजिनिअर होणार, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

पान वरून उघडत होतं. माझं नाव आलं, आईचं नाव आलं, इंग्रजी, मराठी. गणिताची ओळ अर्धीच दिसत होती. तुला अर्ध्या ओळी वाचायची सवय होती. टेबलाखाली तुझा पाय हलला आणि फोनची वायर भिंतीतून बाहेर आली. मी पाहिलं ते. स्क्रीन होती तशीच राहिली.

"लाइन पडली अण्णा," तू म्हणालीस. "सांजच्याला बघू आता."

अंगणातून मोठ्ठा हाय-हाय झाला. तू मला मागच्या दारी नेलंस आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगितलंस, "गणित गेलं तुझं. सव्वीस हायत. आत्ता रडून घे, सांजपर्यंत वेळ हाय. तवर मी अण्णांशी बोलते." तू त्यांच्याशी काय बोललीस ते मला कधी कळलं नाही. मी विचारायचं विचारायचं म्हणत पंचवीस वर्षं घालवली. संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, "ऑक्टोबरला बसायचं." ना आवाज चढला, ना ताट सरकवलं. त्या दिवशी अंगणातल्या पंचवीस-तीस पोरांचे निकाल माझ्यामुळं अडले, आणि हे आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. आज तुझी परवानगी न घेता लिहून टाकतेय.

मी ऑक्टोबरला पास झाले, कॉम्प्युटर शिकले, कामाला लागले, लग्न करून साताऱ्याला गेले. अण्णा गेले. नेट बदलत राहिलं. मोडेम जाऊन ब्रॉडबँड आलं, आणि नेट चालू असताना फोन वाजला म्हणून आईला कौतुक वाटलं. मग डोंगल आलं, ते तू खिडकीत तांब्या पालथा घालून त्यावर ठेवायचीस, खाली ठेवलं की रेंज जायची. मग प्रत्येकाच्या खिशात नेट आलं आणि तुझ्या अंगणातली गर्दी एका वर्षात ओसरली. निकाल पोरं रस्त्यात उभी राहून बघायला लागली. आणि मग काचेची ती बारीक तार खांबावरून आपल्या घरात आली. त्या दिवशी तू मला साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावलास. मी फोन उचलला आणि तू एक शब्द न बोलता नुसती बघत राहिलीस. मी म्हटलं, "काय गं?" तू म्हणालीस, "काय न्हाई. तुझी टिकली वाकडी लागलीय. हितनं दिसतीय मला."

त्यानंतर रोजचे कॉल. आणि त्याच कॉलवर आपलं भांडण. एकच भांडण, दोन वर्षं.

तर रविवार. अकराच्या सुमाराची वेळ. तू या खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर. मी ओट्याशी, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मी सुरुवात केली.

"अक्का, ती खोली बंद कर आता. ते तीन डबे भंगारात घाल आणि आईला घेऊन इकडं ये."

"डबे म्हणू नको. चालत्यात अजून."

"कुणासाठी चालत्यात? शेंबडं पोरगं पण आता फोनवर सगळं करतंय. तुझ्याकडं शिकायला येणार कोण?"

"येत्यात. चार बायका येत्यात."

"चार बायकांसाठी तू आणि आई तिथं एकट्या राहणार? आई पंच्याऐंशीची झाली. उद्या काय झालं तर मी कशी पोचू?"

"तसं न्हवं सुजे. ऐक जरा. परवा हिराबाईनं काय केलं म्हाईत हाय का? तिनं..."

आणि तू थांबलीस.

तोंड जरासं उघडं, डोळे किंचित खाली. अडकलेल्या चित्रात माणूस दिसतो तशीच. मी म्हटलं, "अक्का?" तू हलली नाहीस. मी म्हटलं, "अक्का, अडकलीस. तुझं नेट बघ आणि मग लाव." आणि मी लाल बटण दाबलं.

मी लोकांना सांगितलंय की कॉल कट झाला. कट झाला नाही. मी ठेवला. दहा सेकंद थांबले असेन, जास्त नाही. आणि याहून वाईट सांगते: ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं. हिराबाईचं कौतुक ऐकायचं नव्हतं मला. मी चहा टाकला, बाल्कनीत बसून प्यायले, मनातल्या मनात तुला पुढचं काय बोलायचं ते जुळवत बसले. तू परत लावशील म्हणून फोन मांडीवर ठेवला होता. तास होत आला तेव्हा तो वाजला आणि मी उचलताना म्हणाले, "आलं का नेट?" पलीकडे शेजारच्या काकू होत्या.

तुला सांगलीला हलवलं होतं. महेशनं, माझ्या नवऱ्यानं, गाडी काढली. मी गाडीत सारखी म्हणत होते की नेट गेलं, त्यामुळं मला कळलं नाही. कराड ओलांडलं आणि मला एकदम कुकरची शिट्टी आठवली. तू हलत नव्हतीस तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातली शिट्टी मला ऐकू आली होती. पूर्ण, शेवटपर्यंत, जराही न तुटता. चित्र अडकलं असतं तर आवाजही तुटला असता, निदान खरखरला असता. हे माझं रोजचं काम आहे, अक्का. लोकांचे कॉल का अडकतात हे शोधण्याचा पगार मिळतो मला. मी महेशला म्हणाले, "नेट चालू होतं." त्यानं विचारलं, "काय?" मी परत काही बोलले नाही. आजपर्यंत बोललेले नाही.

फायबर आल्यापासून तू एकदाही अडकली नव्हतीस. एकदाही नाही. तरी माझ्या डोक्यात ते जुनंच बसलेलं होतं: माणूस थांबलं म्हणजे लाइन खराब. पंचवीस वर्षं तू दुसऱ्यांच्या पोरांना सांगत होतीस, थांब, हात काढ. तुझ्या स्वतःच्या बहिणीला दहा सेकंदांवर थांबता आलं नाही.

दवाखान्यात तू होतीस आणि नव्हतीस. डॉक्टर तरुण मुलगी होती. मेंदूत रक्तस्राव, मोठा, ती म्हणाली. मी विचारलं, "लवकर आणलं असतं तर?" ती म्हणाली, "एवढा मोठा असला की बहुतेक वेळा काही करता येत नाही. पण नक्की कुणालाच सांगता येणार नाही." तिनं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. दिवस मावळायच्या आधी तू गेलीस.

गुरुवारी दुपारी दारात एक बाई आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, गळ्यात कापडी पिशवीत मोबाइल. "आवं, अक्का कुटं हायती? आज किलास हाय न्हवं?" त्या आठवडाभर आटपाडीकडं माहेरी गेल्या होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. मी सांगितलं. त्या पायरीवर बसल्या आणि पिशवी घट्ट धरून नुसत्या दाराकडं बघत राहिल्या.

"तुम्ही हिराबाई का?" मी विचारलं.

"व्हय."

"गावाला जायच्या आधी तुम्ही काय केलं होतंत? अक्का मला सांगत होती. राहिलं ते."

त्या सांगायला लागल्या. त्यांच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारे, शाळेशी कधी गाठच पडली नाही. तुझ्याकडं त्यांनी सहा महिने अक्षरं गिरवली, आधी पाटीवर, मग फोनवर. आणि त्या दिवशी जतला दिलेल्या लेकीला आयुष्यातला पहिला मेसेज स्वतः लिहिला.

"काय लिहिलंत?"

"मी हिरा. फोन मीच लिवतीय. जेवलीस का. एवढंच. तर जावयाचा फोन आला, लय तापलेला. म्हनतोय, कोन रं तू? सासूचा फोन कुटं घावला तुला? चोरलास व्हय? मी म्हनलं, आवं जावईबापू, मीच हाय! त्याला पटंनाच. म्हनला, सासूला लिवता येत न्हाई." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "अक्का तर हसून हसून चष्मा काढून डोळं पुसाय लागल्या. म्हनल्या, आता हे मी माज्या भनीला सांगनार. ती म्हनती कुनी शिकाय येत न्हाई."

मी हसले, अक्का. घरात दुखवटा, आत बायका बसलेल्या, आणि मी मोठ्यानं हसले. मग हिराबाई रडायला लागल्या आणि मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले. तुझं ते अर्धं वाक्य असं पूर्ण झालं. तू जिंकलीस. भांडण तू जिंकलीस, आणि ते तुला सांगायला मला चार दिवस उशीर झाला.

इथपर्यंत लिहून मी उठले. कागदावर तुला सांगणं सोपं आहे, तू काही बोलणार नाहीस. आई मधल्या खोलीत ताटं घेत होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा तिचा नेम तू गेल्यावरही मोडलेला नाही.

मी म्हणाले, "आई, त्या दिवशी कॉल कट झाला नव्हता. मी ठेवला. अक्का हलेना, मला वाटलं नेट अडकलं. आणि मला तिचं ऐकायचं पण नव्हतं."

आईनं हातातला डाव खाली ठेवला. मला वाटलं आता ती मला काय बोलेल ते बोलू दे.

"मी दोनदा दारातनं बघितलं तिला," ती म्हणाली.

"कधी?"

"तू फोन ठेवल्यावरच असंल. पाठमोरी बसलेली. मान जराशी कललेली. मला वाटलं, तू बोलतीयास आन् ती ऐकतीय. तुमचं तासतास चालतंय. म्हटलं, भनी-भनी बोलत्यात, मधी कशाला जा. आमटी गार व्हाय लागली तवा हाक मारली." तिनं पदरानं ओठ पुसले. "कुणाला सांगितलं न्हाई मी. तुला तर न्हाईच."

दहा दिवस, अक्का. मी तिच्या गोळ्या काढून द्यायचे, ती मला चहा द्यायची, आणि दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. मला वाटायचं तिला सगळं माहीत आहे. तिला वाटायचं मला माहीत आहे.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिचा हात हातात घेतला, तो गार होता. काही वेळानं तिनं विचारलं, "तिला शेवटी काय दिसलं असंल गं?"

"मी," मी म्हणाले. "मी दिसले असणार, आई. तिच्यावर ओरडत होते."

आईनं माझ्याकडं नीट बघितलं.

"ओरडत का असंना," ती म्हणाली. "तू व्हतीस की समोर."

आणि तिनं माझं ताट पुढं ओढून वाढायला घेतलं.